शेफर्ड दिवसभर गडग्याकडेने फेऱ्या मारतो, कोंबड्या कोपऱ्यात कोंडतो, काय करू?

गडग्याआडचा:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज गरजेपोटी लिहितोय. डिचोलीजवळच्या गावात आमचं जुनं घर आहे, पुढे अंगण, मागे माड आणि चार पोफळी, भोवती कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. जानेवारीत जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, तेव्हा दोन महिन्यांचं होतं, म्हणजे आता सात महिने झाले, वजन २७ किलो. नाव टायगर (वाड्यावर आणखी दोन टायगर आहेत पण मुलाने हट्टच धरला). विकणाऱ्याने "डबल बोन, पेपरवालं" (जाड हाडापेराचं, वंशावळीच्या कागदांसकट) म्हणून दीडपट पैसे घेतले, पेपर अजून यायचेत, तो विषय सोडा.

तर त्रास असा की हा प्राणी सकाळी उठला की गडग्याच्या आतल्या बाजूने दुडक्या चालीने फेऱ्या मारायला लागतो, एकाच वाटेने, धावत नाही, भुंकत नाही, नुसता फिरतो. गवत जाऊन वीतभर रुंदीची लाल वाट पडलीय, आईची अबोली त्यात गेली. आमच्या अकरा कोंबड्या आहेत, त्यांना हाकत हाकत तुळशीमागच्या कोपऱ्यात नेतो आणि समोर बसून राहतो. मारत नाही, चावत नाही, पण एक कोंबडी बाहेर पडली की हा उठून आडवा, परत आत. मुलगा सहा वर्षांचा आहे, तो धावला की तेच, आडवा जातो आणि चड्डी धरतो, दोनदा टाचेला पण दात लागले, रक्त नाही पण पोरगं रडलं. आई म्हणते "हो सुणो पिसो जाला" (हा कुत्रा वेडा झालाय). बाबा म्हणतात साखळीने बांध, आमच्या वेळी सगळे कुत्रे बांधलेलेच असायचे. बायको म्हणते कुणाला तरी देऊन टाक.

शिवाय एप्रिलपासून गोचीड संपत नाहीत, केस तर इतके गळतात की भाताच्या पेजेत पण सापडतात, एकाने सांगितलं उन्हाळ्यात पूर्ण भादरून टाका. डावा कान अजून पडलेला आहे, त्यासाठी फार्मसीवाल्याने कॅल्शियमचं सिरप दिलंय. खायला भात आणि कोंबडीचे पाय. भाऊ संध्याकाळी स्कूटरला दोरी बांधून दोन किलोमीटर पळवून आणतो तरी दमत नाही. काय चुकतंय सांगा, द्यायचा मनातून नाहीये.

तिसवाडीकर:

नसबंदी करा, शांत होईल. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने फ्लॅटमध्ये पाळलाय, दिवसभर ग्रिलमधून भुंकतो. ही जात गोव्याच्या हवेची नाहीच मुळी, गावठी कुत्रा काय वाईट होता?

कुळागरवाली:

तिसवाडीकर, गावठी चांगलाच, माझ्याकडे पण दोन आहेत, पण त्यांनी कुत्रा आणलाय तो आणलाय, आता त्याचं काय ते बोलू. आणि नसबंदीने फेऱ्या थांबणार नाहीत, शिवाय मोठ्या जातीत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांवर परिणाम होतो म्हणून बरेच डॉक्टर वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात.

गडग्याआडचा, तुमची पोस्ट वाचून मला हसू आलं, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा कुत्रा पिसा नाही, तो कामावर आहे! माझ्याकडे फोंड्याला ही दुसरी शेफर्ड, पहिलीच्या वेळी मी पण असंच डोकं धरून बसले होते, मग वाचायला लागले. आपल्याला मेंढ्यांचा कुत्रा म्हटलं की डोळ्यासमोर तो काळापांढरा बॉर्डर कॉली येतो, डोंगरावर लांबून वळसा घालून मेंढ्या गोळा करून आणणारा. जर्मन शेफर्डचं काम तसं नव्हतं. जर्मनीत मेंढपाळ कळप घेऊन रस्त्याच्या कडेने, दोन शेतांच्या मधल्या गवताच्या पट्ट्यातून चरवायचे, दोन्ही बाजूला उभं पीक आणि कुंपण कुठेच नाही. मग कुंपण कोण? कुत्रा. पिकाच्या कडेला नांगराची एक सरी असायची आणि कुत्र्याने दिवसभर त्या सरीतून दुडक्या चालीने पुढे मागे करत राहायचं, मेंढी सरी ओलांडायला लागली की तिला आत ढकलायचं. शेकडो मेंढ्या, पूर्ण दिवस, एकाच रेषेवर. म्हणून तर या जातीची ती चाल, लांब पावलांची, न दमणारी, तिच्यासाठीच लोक ही जात वाखाणतात.

आता तुमची ती वीतभर लाल वाट परत बघा. गडगा म्हणजे शेताची कड, कोंबड्या आणि पोरगा म्हणजे कळप. त्याला कुणी शिकवलं नाही, त्याच्या रक्तात आहे. १८९९ साली फॉन स्टेफनिट्झ नावाच्या घोडदळातून निवृत्त झालेल्या कॅप्टनने कार्ल्सरुहेच्या प्रदर्शनात एक कुत्रा बघितला, लगेच विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांड ठेवलं आणि त्याच महिन्यात या जातीची संस्था काढली. तिथून पुढे सगळे. त्याला दिसायला सुंदर कुत्रा नको होता, कामाचा हवा होता, हेच त्याचं पालुपद होतं. पुढे लोकांनी पाठ उतरती केली, प्रदर्शनात मिरवले, तो भाग वेगळा.

म्हणून साखळी अजिबात नको. साखळीला बांधलेला शेफर्ड हळूहळू भुंकका आणि चावका होतो, कारण काम दिसतंय पण करता येत नाही. त्याला तुम्ही काम द्या, म्हणजे तो स्वतः शोधणार नाही. मी काय करते ते सांगते. सकाळचं जेवण भांड्यात कधीच देत नाही. अर्ध जेवण नारळाच्या करवंट्यांखाली कुळागरात (पोफळीच्या बागेत) दहा ठिकाणी लपवते आणि "शोध" म्हणते. पंधरा मिनिटं नाक लावून शोधलं की जी दमते ती तासभर पळून दमत नाही. दुसरं, एक गोणपाट घ्या आणि त्याला "जागेवर" शिकवा, गोणपाटावर बसला की खाऊ, उठला की काही नाही, आधी दहा सेकंद मग हळूहळू अर्धा तास. कोंबड्या सोडायच्या वेळी तो गोणपाटावर. सुरुवातीला लांब दोरी गळपट्ट्याला लावून ठेवा, चुकला तर ओरडायचं नाही, दोरीने परत जागेवर.

पोराचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. आज चड्डी आहे, वर्षाने हा ३५ किलोचा होईल, नराचं वजन ३० ते ४० जातं आणि उंची खांद्यापर्यंत ६० ते ६५ सेंटीमीटर. सहा वर्षांच्या पोराला नुसता आडवा गेला तरी पाडेल. पोराला शिकवा की याने धरलं की झाडासारखं उभं राहायचं, ओरडायचं नाही, धावायचं नाही. आणि दोघांना एकट्यांना सोडू नका, कितीही गुणाचा असला तरी.

सत्तरीचा:

कुळागरवाली यांचं बरोबर, एक भर घालतो. टाच धरणं हे खरं तर शेफर्डचं कामातलं लक्षण नाही हां, टाच धरतात ते गुरं हाकणारे कुत्रे, कॉर्गी वगैरे बुटके, गाईची लाथ डोक्यावरून जावी म्हणून. शेफर्डला मेंढी धरायचीच झाली तर मान, बरगडी नाहीतर मांडी, पाय कधीच नाही, कारण पाय धरला तर मेंढी लंगडी होते आणि मालकाचं नुकसान. तुमचा टाच धरतो तो सात महिन्यांचा आहे म्हणून, दात नुकते बदललेत, हिरड्या शिवशिवतात, हलतं दिसलं की तोंड. हे जाईल, पण चालवून घेतलं तर सवय राहील.

आमच्या भागात गवळी धनगरांकडे कुत्रे असतात, लोक समजतात तेच काम, पण त्यांचं काम वेगळं. ते म्हशींना हाकत नाहीत, ते रात्री गोठ्याभोवती राहतात आणि बिबट्या आला की गोंधळ घालतात. राखणीचा कुत्रा वेगळा आणि हाकणारा वेगळा. शेफर्डकडून लोक दोन्ही अपेक्षा करतात.

यावरून महत्त्वाचं, रात्री टायगर कुठे झोपतो? डिचोलीच्या वरच्या अंगाला बिबटे येतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या शेजारच्याने गेल्या वर्षी पडवीत बांधलेला कुत्रा गमावला, सकाळी नुसती साखळी. बांधलेल्याला पळता पण येत नाही. रात्री घरात घ्या, दार लावून.

आणि बाबांना सांगा, आमचे आजोबा याला अल्सेशियन म्हणायचे, पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन नाव नको होतं म्हणून ते नाव ठेवलं होतं आणि १९७७ पर्यंत तिकडे तेच चाललं. बाबांनी "आमच्या वेळी" म्हटलं की हे सांगायचं, विषय बदलतो, स्वानुभव आहे.

गडग्याआडचा:

अरे देवा, सरीचं वाचून मी बाहेर जाऊन उभा राहिलो आणि बघितलं, खरंच कोपऱ्यावर पोचला की थांबतो, आत बघतो, मग वळतो. आईला पण दाखवलं. ती म्हणाली मग पगार कोण देणार.

रात्री पडवीतच झोपतो, आजपासून आत. गोचीड आणि कानाचं कुणी सांगेल का? सिरप सुरू आहे अजून. गोचीडसाठी गुरांना देतात ते इंजेक्शन एकजण देतो म्हणालाय, स्वस्त पडतं.

अल्सेशियनवाली मावशी:

थांबा थांबा थांबा, ते इंजेक्शन देऊ नका!! गुरांचं म्हणजे बहुतेक आयव्हरमेक्टिन. कॉली, शेफर्ड अशा मेंढ्यांच्या कुत्र्यांमध्ये काहींना एक जनुकीय दोष असतो, त्यात औषध मेंदूपर्यंत पोचतं आणि कुत्रा लडखडतो, आंधळा होतो, मरतो सुद्धा. कॉलीत खूप जास्त, शेफर्डमध्ये कमी पण असतो, आणि तुमच्याकडे पेपरच नाहीत तर आईबाप कोण काय माहीत. त्यात गुरांच्या औषधाची मात्रा कुत्र्याला मोजायची कोणी? डॉक्टरकडून वजनाप्रमाणे गोचिडांची चघळायची गोळी घ्या, महिन्याची येते, तीन महिन्यांची पण येते. फक्त आधी कधी फिट आली असेल तर तसं सांगा.

मडगावला आमच्याकडे माझ्या लहानपणापासून हेच कुत्रे, मी आता साठीची, त्यामुळे चुका सगळ्या करून झाल्यात. गोचीड कुत्र्यावर नसतात हो, घरात असतात. तुमचा गडगा चिऱ्यांचा ना? बिनगिलाव्याचा? चिऱ्याला जी भोकं असतात त्यात बॅटरी घेऊन रात्री बघा. मी बघितलं तेव्हा अंगावर काटा आला, एका भोकात मुगाएवढ्या टम्म फुगलेल्या माद्या बसलेल्या आणि खाली मोहरीसारखी अंडी. एक मादी काही हजार अंडी घालते. तुम्ही कुत्र्यावरून शंभर काढाल, भिंतीतून दोनशे परत चढतील, आणि तुमचा हिरो तर दिवसभर त्या गडग्याला घासूनच फिरतो! भोकं चुन्याने नाहीतर सिमेंटने बुजवा, निदान कुत्र्याच्या उंचीपर्यंत, आणि फवारणी करा, दोन आठवड्यांनी परत करा कारण अंड्यांना पहिली लागत नाही. फवारणी सुकेपर्यंत कुत्रा नि कोंबड्या लांब. आणि काढताना रॉकेल ओतू नका, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

गोचीड तापाला साधा समजू नका. जेवण सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त, लघवी कॉफीसारखी, यातलं एकही दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा. शेफर्डला हा ताप इतरांपेक्षा जास्त वाईट होतो. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैन्याचे कितीतरी शेफर्ड याच्याने गेले, तेव्हा जगाचं लक्ष गेलं या रोगाकडे. लवकर कळलं तर साध्या गोळ्यांचा महिनाभराचा कोर्स, उशीर झाला तर रक्त चढवायची वेळ येते.

कान. पोरा, कानाचा आणि सिरपचा काही संबंध नाही. दात येताना कान वर खाली होतात, चार पाच महिन्यांत बहुतेकांचे उभे राहतात, काहींचे सातव्या आठव्यापर्यंत रेंगाळतात, नाही राहिला तर नाही राहिला, ते वंशावर असतं, ऐकू तेवढंच येतं. पण मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम ओतलं तर त्याचं शरीर जास्तीचं शोषून घेणं नीट आवरू शकत नाही, हाडं आणि सांधे वाकडे होतात. नुसता भात आणि पाय हे पण पुरेसं नाही, त्यात बाकी सगळंच कमी पडतं. एकतर मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाणं द्या, मग वर काहीच नको, नाहीतर डॉक्टरला विचारून घरचं नीट बसवा. शिजलेलं हाड देऊ नका, चिरफळ्या होतात.

आणि ते स्कूटरचं आजच बंद करा! या जातीला खुब्याच्या सांध्याचा त्रास आधीच असतो, त्यात सात महिन्यांचं पिल्लू डांबरावर पळवणं म्हणजे सांधा घासून घेणं. दीड वर्षापर्यंत नुसतं चालणं, शेतात मऊ मातीत खेळणं. वर्ष-दोन वर्षांचा झाला की खुब्याचा एक्स-रे काढून घ्या.

एक शेवटचं, हे लिहायला मला अजून जड जातं. आमचा रेक्स सात वर्षांचा होता, रात्री साडेनऊला पोटभर जेवला आणि गेटवर कुणीतरी आलं म्हणून चार फेऱ्या धावला. अकराच्या सुमारास उभाच राहिला, बसेना. उलटीचा आव आणायचा, नुसता फेस. पोट बाजूने फुगलेलं, बोटाने टिचकी मारली तर नगाऱ्यासारखं वाजलं. आम्ही समजलो गॅस. ओवा दिला, सोडा दिला. एका दवाखान्यात फोन केला, सकाळी आणा म्हणाले. साडेचारला गेला. नंतर कळलं की पोटाला पीळ पडला होता, या खोल छातीच्या कुत्र्यांना पडतो, आणि त्याला ऑपरेशनच लागतं, तेही तासा-दोन तासांत. त्यामुळे दिवसाचं जेवण दोन तीन वेळात विभागा, खाल्ल्यावर तासभर धावपळ नको, आणि रात्री ऑपरेशन करणारा डॉक्टर आपल्याकडे कोण आहे ते आजच शोधून नंबर भिंतीवर लिहून ठेवा. कोरडी उलटी आणि फुगलेलं पोट दिसलं की ओवा नाही, गाडी काढायची.

कात्रीवाला म्हापसा:

मी ग्रूमिंगचंच काम करतो म्हणून भादरण्यावर बोलतो. रोज कुणीतरी येतं, झिरो मार म्हणून, मी नाही म्हणतो, गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. शेफर्डचा कोट दोन थरांचा, वरचे राठ केस आणि आतली लोकर. वरचा थर ऊन अडवतो, पाणी अडवतो. झिरो मारला तर उन्हात कातडी भाजते आणि नंतर केस ठिगळं ठिगळं येतात, कधी कधी नीट येतच नाहीत. काढायची ती आतली लोकर. त्यासाठी दातेरी फणी मिळते, अंडरकोट रेक म्हणून मागा, आठवड्यातून दोनदा अंगणात उभा करून ओढा, गळायच्या मोसमात रोज. पहिल्या दिवशी बादलीभर निघेल, घाबरू नका. पेजेतले केस मात्र पूर्ण जाणार नाहीत, खोटं बोलत नाही :)

आता पाऊस लागलाय तर खरी काळजी उलटी आहे. आत लोकर ओली राहिली की दोन दिवसांत कातडी लाल, चिकट, वास, त्याला आम्ही हॉटस्पॉट म्हणतो. म्हणून पावसात आंघोळ कमी, महिन्यातून एकदा बस, आणि भिजून आला की नुसता पुसू नका, केस उलटे करून पंख्याखाली मुळापर्यंत सुकवा. बोटांच्या मधे पण बघा. आणि लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाची, लस झालीय ना? उंदराच्या मुतातून पाण्यात येतो, भातशेतात नि गटारात. दरवर्षी घ्यायची.

उन्हाळ्याचं, आपल्याकडे ऊन विदर्भाएवढं नसतं पण दमटपणामुळे कुत्र्याचं धापणं लागू पडत नाही, जीभ बाहेर काढून तो जे वाफेवर थंड होतो ते दमट हवेत होत नाही. मे महिन्यात सकाळी सहाला फिरवा, नंतर नाही.

तिसवाडीकर:

बरं बाबा, मी माझे शब्द मागे घेतो. बिल्डिंगवाल्याला हा धागा पाठवला.

गडग्याआडचा:

तीन आठवडे झाले, राहून गेलं लिहायचं. सिरप बंद, स्कूटर बंद (भावाशी भांडण झालं). बॅटरी घेऊन गडगा बघितला, मावशी, तुम्ही म्हणालात तसंच, मी तर पळत आत आलो. गवंडी बोलावून गडग्याला वरपर्यंत चुना भरला, फवारणी दोनदा झाली, गोळी दिली, आता दोन दिवसांत एखादा गोचीड सापडतो. रात्रीच्या डॉक्टरचा नंबर फ्रिजवर आहे, म्हापशाला आहे, पाऊण तास लागतो, एकदा गाडीने जाऊन रस्ता पण बघून आलो.

करवंट्यांचा खेळ तर मुलाचाच झालाय, तो लपवतो आणि टायगर शोधतो, त्या भरात चड्डी धरणं कमी झालं. पूर्ण गेलं नाही, परवा पाहुण्यांची पोरं आली तेव्हा पाच जणांना पडवीच्या पायरीवर बसवून ठेवलं होतं त्याने, एकही हलेना, पाहुणीबाई मोबाईलवर फोटो काढतायत. गोणपाटावर बारा मिनिटांपर्यंत पोचलोय.

फेऱ्या चालू आहेत. आईने अबोली आतल्या बाजूला हातभर सरकवून लावली आणि त्या वाटेवर खडी टाकून घेतली, पावसात चिखल नको म्हणून. आता संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात घालायचं काम त्याचंच आहे, आई दार उघडून "चल रे" म्हणते, अकराच्या अकरा आत जातात, मग तो दारात बसतो आणि ती कडी घालते. डावा कान अजून पडलेलाच आहे.

एकच राहिलं, चवथीला (गणेश चतुर्थीला) फटाके आणि दिवाळीला नरकासुराची ती रात्रभरची वाजपं, त्याचं काय करता तुम्ही लोक?